गळक्या वर्गातून चंद्र

पालकहो, २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ तुम्ही विसरला नसाल. बरेच जण शाळेत आला होतात. ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चं विक्रम चंद्रावर उतरलं आणि असा गलका झाला की कोपऱ्यातल्या बादलीत टपटपणारं पाणी ऐकू येईना. बादलीची आठवण मुद्दाम काढतेय. निसर्ग वादळात त्या वर्गाचे पत्रे उडाले, त्याला तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती. वर ताडपत्री होती, आणि आपल्याकडचा श्रावण ताडपत्रीला जुमानत नाही.

गलका ओसरल्यावर पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, एवढ्या पैशात आपल्या वर्गाचं छप्पर नसतं झालं?” मागून कुणीतरी म्हणालं, “गप गं, आजच्या दिवशी असं बोलू नये.” कोण ते सांगत नाही, तुमच्यापैकीच होतं. ती गप्प बसली आणि मी पेढ्यांचा बॉक्स उघडला. ते मला अजून खुपतंय.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मी फळ्यावर आकडे मांडले. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी, आपण माणसं १४० कोटी. भागाकार केला, माणशी चार रुपये एकोणचाळीस पैसे. मुलं हसली, एवढ्यात धड पेप्सीकोलाही येत नाही म्हणाली. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात तीच मुलगी म्हणाली, “बाई, मग छपराचा खर्चपण १४० कोटींनी भागा ना.”

बरोबर होतं तिचं. एवढ्या मोठ्या संख्येनं भागलं की कुठलाही खर्च चिल्लर दिसतो. व्हॉट्सॲपवर ‘चित्रपटापेक्षा स्वस्त चंद्र’ अशी कौतुकं फिरतात, तीही त्याच जातीची. त्यापेक्षा मुलांच्या ताटाशी तुलना करू. त्या वर्षी केंद्रानं शाळेतल्या दुपारच्या जेवणासाठी ठेवले होते साधारण साडेअकरा हजार कोटी. चांद्रयान-३ म्हणजे त्याचा एकोणिसावा भाग. अगदीच किरकोळ नाही. अंतराळ खात्याचा सगळा मिळून वर्षाचा खर्च बारा-तेरा हजार कोटींच्या घरात, म्हणजे केंद्राच्या शंभर रुपयांतले पाव रुपयाहून थोडे अधिक. हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि विचारणाऱ्याचं देशप्रेम त्यानं कमी होत नाही.

आपल्या अंतराळ कार्यक्रमाचा पाया घालणाऱ्या खुद्द विक्रम साराभाईंना हेच विचारलं जायचं. चंद्रावर किंवा माणसं अंतराळात पाठवण्यात श्रीमंत देशांशी चढाओढ करायचं स्वप्न आपल्याला नाही, पण लोकांच्या खऱ्या अडचणींवर हे तंत्र वापरण्यात आपण मागे राहता कामा नये, असं त्यांचं उत्तर असे. भाषणांतून आपण त्यातला दुसरा अर्धाच सांगतो. त्यांच्याच काळात, २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंबा इथून पहिलं रॉकेट उडालं. थुंबा हे केरळातलं आपल्यासारखंच मच्छीमारांचं गाव. तिथल्या चर्चमध्ये कार्यालय थाटलं होतं, रॉकेटचे भाग सायकलच्या कॅरियरवरून न्यायचे. तो फोटो बघून आपला ऊर भरून येतो. माझ्या वर्गातल्या एकानं विचारलं, “त्यांना टेम्पो पण नव्हता?” गरिबी मुलांना आपल्याआधी दिसते.

याच थुंब्यात घनइंधनाच्या कामावर आपले वसंत गोवारीकर होते. पुढे ते तिथल्या विक्रम साराभाई केंद्राचे प्रमुख झाले. आणि त्याच माणसानं पुढे दिल्लीत बसून मान्सूनच्या अंदाजाचं सोळा घटकांचं गणित उभं केलं. रॉकेट ते पेरणी, एकाच आयुष्यात. माझं मत तुम्हाला कळलंच असेल. गरीब देशानं आकाशात पैसा घालावा.

आता आपल्या दारातलं. ३ जून २०२० ला निसर्ग याच श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आदळलं. सुपारीच्या वाड्या झोपल्या, माड मोडले, पत्रे पतंगासारखे गेले. पण आदल्या दिवशीच कच्च्या घरांतली माणसं हलवली होती. तो घोंघावणारा ढग समुद्रावर असतानाच उपग्रहांना वरून दिसत होता, म्हणून. तुमच्यातल्या तांडेलांना मोबाईलवर मासे कुठं सापडतील याचा निरोप येतो ना? समुद्राचं तापमान आणि पाण्याचा रंग उपग्रह टिपतात, हैदराबादेतली संस्था त्यावरून जागा काढते. तुमचं डिझेल वाचतं ते असं.

पण इथंच गोम आहे. १९९९ मध्ये ओडिशात महाचक्रीवादळ आलं तेव्हाही आपले उपग्रह वर होतेच. तरी सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ च्या फायलिनच्या वेळी बळींचा आकडा काही डझनांवर आला. मधल्या काळात वरचे डोळे तर तीक्ष्ण झालेच, पण जमिनीवर निवारे बांधले गेले, गावागावांत लोकांना तयार केलं, लाखो माणसं वेळेत हलवायची शिस्त बसवली. वरचा निरोप झेलायला खाली ओंजळ लागते. आपल्या छपराचा प्रस्ताव चंद्रामुळे अडलेला नव्हता, तो टेबलाटेबलांवरून फिरत होता. उद्या अंतराळ खात्याला कुलूप लावलं तर ते पैसे आपल्या ताडपत्रीपर्यंत पोचतील, असं मला तरी वाटत नाही.

मी सगळ्यालाच मान डोलावते असं मात्र समजू नका. माणसांना अंतराळात नेणाऱ्या गगनयान कार्यक्रमाला २०२४ मध्ये वीस हजार कोटींवर मंजुरी मिळाली. तिथं मी अडखळते. साराभाईंनी बाजूला ठेवलेली चढाओढ ती हीच का, असं मनात येतं. अजून मला उत्तर सापडलेलं नाही, आणि मुलांना मी तसंच सांगितलं.

तुमच्याकडून मला एवढंच हवंय. पोरीनं घरी असं काही विचारलं तर तिला गप्प करू नका. येत नसेल तर “बाईंना विचार” म्हणा, माझी हरकत नाही. शेवटी आपणच तिला विज्ञान प्रदर्शनाला पाठवतो, आणि तिथं शिकवतो ते प्रश्न विचारायलाच.

त्या दिवशी गणिताचा तास संपल्यावर ती मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. “बाई, सॅटेलाइटला वरून किती बारीक दिसतं?” मी सांगितलं, कार्टोसॅट-३ सारख्याला हातभर लांबीची वस्तूसुद्धा दिसते. तिनं मान वर करून ताडपत्रीकडे पाहिलं.

“म्हणजे आपले पत्रे नाहीत, हे त्यांना दिसलं असणार.”

मग बादली भरत आली होती, ती रिकामी करायला दोघी मिळून बाहेर गेलो.