नाकाआधी घर बघ

पोरी, आता आरोग्य उपकेंद्र तुझ्या हाती येतंय. पडशाच्या गोळ्या द्यायला दोन दिवसांत शिकशील. पण तेच माणूस तिसऱ्यांदा नाक ओढत दारात आलं, तर गोळी देण्याआधी त्याच्या घरी जाऊन ये.

आधी चूल बघ. पावसाळ्यात सरपण ओलं, दार लावलेलं, त्यात बाई आणि तिच्या मांडीवरचं लेकरू एकच धूर गिळत बसतात. वरची दोन कौलं सरकवून धुराला वाट करून दे, सरपण उन्हाळ्यातच झाकून ठेवायला सांग. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूरकडे बदली झाली तर कोळशाची धूळ लक्षात ठेव. तिथं कोरडा झाडू मारला की बसलेली धूळ पुन्हा नाकात जाते. ओल्या फडक्यानं पुसायला सांग.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर तोंड उघडायला लाव. वरच्या दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीला अगदी लागून असतात. दाढ किडली की पू तिथं शिरू शकतो. माणूस म्हणतो, मला सायनस आहे. औषधानं आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच, कारण दाढ जागच्या जागी असते. आपल्याकडे तर दुखऱ्या दाढेशीच खर्रा दाबून ठेवतात, त्यानं ठणका दबतो आणि कीड आत वाढत राहते. दंतवैद्याकडे पाठव. लहान लेकराची एकच नाकपुडी घाण मारत असेल, तर आत चिंचोका नाही तर मणी अडकलेला असू शकतो. टॉर्चनं बघ, पण चिमट्यानं ओढायला जाऊ नकोस, तो आणखी आत सरकतो.

मामा (माजी मालगुजारी) तलावात, बोडीत, म्हशी डुंबतात त्या पाण्यात आंघोळ करणाऱ्यांचं नाक नीट बघ. नाक एका बाजूनं बंद, मधूनमधून रक्त, आत पांढऱ्या ठिपक्यांचा लाल मऊ कोंब दिसला, तर तो राइनोस्पोरिडिओसिस असू शकतो. थेंबांनी तो जात नाही. कापून त्याचं बूड जाळावं लागतं, नाही तर पुन्हा उगवतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे घरच्यांना ठासून सांग. घाबरून त्या माणसाचं ताट वेगळं करतात.

आणि सिकलसेल. यात कधीही कसूर करू नकोस. लेकरू सारखं तापतं, सांधे दुखतात, डोळे पिवळे दिसतात, आणि घरचे म्हणतात, याची प्रकृतीच नाजूक. या आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, म्हणून साधा जंतूही जिवावर उठतो. असं लेकरू रात्री घोरतं, तोंड उघडं टाकून झोपतं, दिवसा पेंगतं, तर टॉन्सिल आणि नाकामागची गाठ वाढलेली असू शकते. झोपेत त्याला प्राणवायू कमी पडतो. २०२३ पासून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम चालू आहे. घरात सिकलसेलचं कार्ड असेल तर मागून बघ, नसेल तर तपासणी करून घे. साध्या सोल्युबिलिटी चाचणीवर थांबू नकोस. रुग्ण की वाहक, हे पुढच्या तपासणीतच कळतं. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो, त्याला आजारी ठरवू नकोस. रुग्णाला ताप आला की मात्र सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना.

झोपेवरून आणखी एक. बाया सांगतील, रात्री पाय वळवळतात, झोपच लागत नाही. झोपेची गोळी मागतील. देऊ नकोस. खालची पापणी ओढून बघ, पांढरी असेल तर हिमोग्लोबिन तपास. रक्तात लोह कमी झालं की पाय असे छळतात. अनवाणी रानात जाणारी असेल तर जंताचंही विचार. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नको म्हणून सांग, त्यानं ती अंगी लागत नाही. पण तिला सिकलसेल असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह सुरू करू नकोस.