नवी वसाहत: पाणी आलं, पण जाणार कुठे?

पाचवीच्या वर्गात फळ्यावर २०० घरांची नवी वसाहत काढली. घरात ५ माणसं. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. मुलांनी गुणाकार केला: १,३५,००० लिटर! टाकी केवढी हवी यावर मस्त भांडणं झाली.

मग विचारलं, वापरलेलं पाणी जाणार कुठे? वर्ग गप्प. साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होतं, म्हणजे १,०८,००० लिटर. ते उतारानेच वाहतं, म्हणून गटाराची पाइप आधी आणि खोल. नळाची पाइप तिच्यापासून लांब आणि वरच्या पातळीवर, म्हणजे गटार गळलं तरी प्यायचं पाणी नासत नाही. रस्ता शेवटी. आमच्या गल्लीत आधी डांबर पडलं, मग खोदाई!

पावसाच्या पाण्याची सोय वेगळी. नवी मुंबईत काही जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने धारण तलाव केले. भरतीला झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं.

घरचा अभ्यास: आपल्या गल्लीतलं पावसाचं पाणी शेवटी कुठे पोचतं ते बघून या. पालकांनो, सोबत जा, उघड्या गटाराजवळ मुलांना एकटं सोडू नका.