वडीलकी जोडीनं करायची असते

पोरी,

चर्चच्या मंडळीनं तुला वडील म्हणून निवडलं, हे मला तुझ्याकडून नाही, तुझ्या आईकडून कळलं. लपवलंस का गं? चौतिसाव्या वर्षी लोकांनी 'वडील' म्हणावं याचा संकोच वाटत असणार. वाटू दे, थोडा संकोच असलेला बरा. मी हसनाबादहून रविवारी सकाळची एसटी धरून उपासनेला यायची. वीस वर्षं मंडळीच्या वह्या सांभाळल्या, दान मोजलं, भांडणं मिटवली, आणि या कामात होऊ शकतात त्या बहुतेक चुका माझ्या हातून होऊन गेल्या. त्यातून जे गाठीला उरलं ते आता तुझ्या ओटीत घालते.

आधी या पदाचं कूळ समजून घे. ग्रीक भाषेत 'प्रेस्बुतेरॉस' म्हणजे वडील माणूस, त्यावरून प्रेस्बिटेरियन. स्कॉटलंडच्या मंडळीची सगळी घडी याच शब्दावर बसलेली. तिथं एकटा धनी कुणी नाही. पाळक आणि मंडळीनं निवडलेले वडील एकत्र बसून ठरवणार, आणि त्या बैठकीला सेशन म्हणणार. ही रीत आपल्या जालन्याकडे आणली नारायण शेषाद्रींनी. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण तरुण पुढं फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा पाळक झाला आणि १८६० नंतरच्या दशकात जालन्याला आला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं. तिथं आली ती बहुतेक मांग-महारांची घरं. ज्याला गावच्या चावडीवर बसायला जागा नव्हती, त्या माणसाच्या मताला मंडळीत मोल आलं. हे आठवलं की मला अजून भरून येतं. पुढं १९२४ ला युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. पाट्या बदलल्या, कमिट्यांची नावं बदलली. पण एकट्याच्या हाती सगळं द्यायचं नाही, ही गोष्ट बदलू देऊ नको. माझे सगळे कानमंत्र त्या एकाच खुंटीला टांगलेले आहेत.

१. दान कधी एकटीनं मोजू नको, शेजारी दुसरं माणूस हवंच, आणि ते तुझ्या घरातलं नको – एका हातानं मोजलेला पैसा दहा तोंडांनी मोजला जातो.

२. मोजायचं ते उपासना सुटल्याबरोबर, तिथंच, टेबलावर. 'घरी नेऊन निवांत मोजू' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही – वाटेत काही हरवत नाही, पण विश्वास सांडतो.

हे टेबल कसं मांडायचं ते नीट सांगते, कारण इथंच सगळं असतं. आधी पंखा बंद कर. नोटा एका दिशेनं, चेहरा वर करून लाव. नाण्यांचे दहा-दहाचे मनोरे कर. पाकिटं असतील तर फोडताना त्यावरचं नाव आणि आतली रक्कम एकीनं मोठ्यानं वाचावी, दुसरीनं लिहावी. रिकामी पाकिटं लगेच टाकू नको, महिनाभर रबर लावून ठेव. शेवटी आकडा अंकात लिही, अक्षरात लिही, आणि दोघींच्या सह्या घे. पौलानंसुद्धा यरुशलेमच्या गरिबांसाठी पैसा जमवताना तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं धाडली होती, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. पौलाला जोडीदार लागले, मग आपल्याला लाज कसली?

३. मंडळीचा पैसा आणि तुझा पैसा एका पाकिटात ठेवू नको, तासाभरासाठीही नाही. मी एकदा मंडळीच्या सहाशे रुपयांतून घरच्या सिलिंडरवाल्याला पैसे दिले, दुसऱ्या दिवशी परत ठेवणार होते, आणि नेमकी त्याच संध्याकाळी एका आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला ते पैसे मागायला माणूस दारात आला – पैसे शेजारणीकडून उसने आणून दिले, पण ती दहा मिनिटं मला आजही आठवतात.

४. मोबाइलवरून दान घ्यायचं तर क्यूआर कोड मंडळीच्या बँक खात्याचाच लाव, 'सध्यापुरता' कुणाच्या खासगी खात्याचा नको – सध्यापुरतं लावलेलं झाड उपटताना मुळं मोडतात.

५. पावती पुस्तकाचं एकही पान फाडू नको. चुकलं तर आडवी रेघ मारून 'रद्द' लिही आणि ते पान तसंच राहू दे – हिशेब तपासणारा चुकलेल्या पानाला भीत नाही, नसलेल्या पानाला भितो.

६. दानपेटीला दोन कुलपं, दोन घरी दोन किल्ल्या. दोघींपैकी एक गावाला गेली तर पेटी त्या आठवड्यात उघडायची नाही – पैशाला घाई नसते, घाई माणसाला असते.

बैठकीबद्दल फार सांगत नाही, तू नोकरीत बैठका पाहिल्या आहेस. एवढंच कर.

७. बैठकीचं इतिवृत्त त्याच रात्री लिही, ठराव कुणी मांडला आणि अनुमोदन कुणी दिलं ते नावानिशी – न लिहिलेली ओळ पुढच्या वर्षी भांडण होऊन उगवते.

८. बैठक शेवटच्या गाडीच्या आधी संपव. बाहेरगावच्या वडिलांचा जीव घड्याळात अडकला की ते कशालाही हो म्हणतात – आणि तसा मिळालेला होकार घरी पोचेपर्यंत टिकत नाही.

९. ज्याला तुझं म्हणणं पटत नाही त्याच्याकडे बैठकीआधी चहाला जा, बैठकीनंतर नव्हे – आधीचा चहा ऐकायला असतो, नंतरचा समजूत घालायला.

आता घरभेटी. माझं मन सगळ्यात जास्त याच कामात रमलं, आणि सगळ्यात मोठी चूकही इथंच झाली. स्कॉटलंडात जुनी रीत होती की प्रभुभोजनाच्या आधी वडिलांनी आपापल्या वाट्याच्या घरोघर जायचं, विचारपूस करायची आणि धातूचं छोटं नाणं द्यायचं. ते नाणं दाखवून माणूस प्रभुभोजनाला बसायचा. पुढं नाण्याच्या जागी कार्ड आलं. नाणं गेलं, कार्ड गेलं, तरी उंबऱ्यापर्यंत जाणं सोडू नको.

१०. तुझ्या वाट्याला आलेल्या घरांची वही कर. प्रत्येक घराला एक पान, त्यावर माणसांची नावं, आजार, मुलांच्या परीक्षा, मागच्या भेटीची तारीख – 'तुमच्या गुडघ्याचं कसं आहे' असं विचारलं की माणसाला कळतं, मंडळीला आपली आठवण आहे.

११. भेटीला जाताना जोडीनं जा. प्रभूनंही शिष्यांना दोघादोघांनीच पाठवलं होतं. बाईमाणूस घरी एकटं असेल तर बरोबर बाई हवी – एकीनं बोलावं, दुसरीनं ऐकावं.

१२. सरकी वेचायच्या दिवसांत भरदुपारी कुणाच्या दारी जाऊ नको. कापसाच्या हंगामात घरं दिवसभर शेतात असतात – रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास, तेवढाच बस.

१३. आजाऱ्याच्या खाटेपाशी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नको, आणि अमक्याला हाच आजार होता अन् तो गेला, ही गोष्ट सांगू नको – आजाऱ्याला गोष्ट नको असते, पाणी हवं असतं.

१४. जे घरात ऐकलं ते प्रार्थनेतसुद्धा मोठ्यानं बोलू नको, त्या माणसानं 'हो' म्हटल्याशिवाय.

या चौदाव्यावर जरा थांबते. एका तरुण सुनेनं मला रडत सांगितलं होतं की तिचं तीन महिन्यांचं पोट पडलं, आणि सासरी अजून कुणाला ठाऊक नाही. मला फार वाईट वाटलं. रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत मी तिचं नाव घेतलं. दुःख स्पष्ट सांगितलं नाही, पण 'तिच्या रिकाम्या झालेल्या कुशीसाठी' असं म्हणाले. डोळे मिटलेले होते म्हणून मला काही दिसलं नाही. डोळे उघडले तेव्हा तिची जागा रिकामी होती आणि बाकाखाली तिच्या चपलाही नव्हत्या. पुढं दोन वर्षं ती उपासनेला आली नाही. मी तिच्या दारी जाऊन माफी मागितली. एकदा नाही, किती वेळा ते मोजलं नाही. तिसऱ्या वर्षी नाताळला ती मागच्या बाकावर येऊन बसली. तिचं नाव मी तुलाही सांगणार नाही. तुझ्या वहीत अशी गोष्ट लिहायची वेळ आली तर फक्त 'भेटायचं' एवढाच शब्द लिही. तुला आठवेल, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती वही पडली तरी तिचं काही उघडं पडणार नाही.

१५. शब्बाथ शाळेच्या वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत आणि दार उघडं हवं – उघड्या दाराचा वारा मुलांनाही बरा, शिक्षकालाही बरा.

१६. लेकरानं काही वाईट घडल्याचं सांगितलं तर आधी त्याच्यावर विश्वास ठेव, खोदून विचारू नको, आणि 'मंडळीची बदनामी' हा शब्द कुणी काढला तर तिथंच थांबव. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं अशी गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; १०९८ हा मुलांसाठीचा नंबर शाळेच्या भिंतीवर ठळक लिहून ठेव – झाकलेली जखम आतून सडते.

१७. लग्नाच्या रजिस्टरवर साक्षीदारांच्या सह्या जेवणाच्या पंगती बसायच्या आधी घे. १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदाही दोन साक्षीदार मागतो – आणि एकदा पंगत बसली की साक्षीदार सापडत नाहीत, सापडले तर पेन सापडत नाही.

१८. बाप्तिस्म्याचं, लग्नाचं, दफनाचं रजिस्टर लोखंडी पेटीत ठेव, पेटी विटांवर ठेव, आणि वर्षातून दोनदा पानं उलटून बघ – वाळवी रविवारची सुट्टी घेत नाही. प्रत्येक पानाचा फोटो काढून तो दोन जणांकडे राहू दे. नातवाला आजोबाचा दाखला हवा असतो तेव्हा ते पिवळं पान सोन्याचं होतं.

१९. मंडळीत कुणी गेलं की रडण्याआधी चार कामं वाटून दे: कबर खणणारे, पाणी, पाळकांना निरोप, नातेवाइकांना फोन. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची हेही घरच्यांना आठवडाभरानं हळूच आठवण करून दे – दुःखात माणसाला कागद सुचत नाही.

२०. कापणीच्या सणाला आलेल्या मालाचा लिलाव करताना प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लाव आणि बोली संपली की पैसे तिथंच घे. मोसंबीचं टोपलं, मक्याची कणसं, कुणाची कोंबडी, सगळं उत्साहात बोललं जातं – आणि सोमवारी कोंबडी गेलेली असते, पैसे यायचे असतात.

२१. प्रीतिभोजनाला आधी कोण जेवलं नाही ते बघ. प्रेषितांच्या काळात सात सेवक निवडायची वेळ आली ती विधवांच्या वाढण्यावरूनच – मंडळीतलं भांडण बहुतेक वेळा पातेल्याच्या तळाशी सुरू होतं.

२२. नाताळच्या मंडपात मेणबत्त्या लागतील तिथं वाळूच्या दोन बादल्या ठेव, आणि त्या कुठं आहेत हे चार पोरांना दाखवून ठेव – बादली असणं वेगळं आणि ती अंधारात सापडणं वेगळं.

आणखी एक, ज्याला मी नंबर देत नाही. तू सगळं स्वतः करशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे. लहानपणी खेळण्याचा ट्रकसुद्धा कुणाला ओढू द्यायची नाहीस. मोशेला त्याच्या सासऱ्यानं, इथ्रोनं, हेच सुनावलं होतं: सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच बसून न्याय करशील तर तूही थकशील आणि लोकही थकतील, हजार-हजारावर, शंभरावर, पन्नासावर, दहावर माणसं नेम. सासरा असल्यामुळं त्याला बोलता आलं. मी आत्या आहे, मलाही बोलता येतं. दान मोजायला एका कॉलेजातल्या पोराला बसव. पहिल्या महिन्यात तो चुकेल, तू शेजारी बस. पाठ वाचायला एखाद्या लाजऱ्या बाईला दे, पण आठवडाभर आधी दे आणि शनिवारी एकदा तिच्याकडून मोठ्यानं वाचून घे, नेहम्या-यिर्मया अशी नावं जीभ अडखळवतात. तुझ्या माघारी काम चालेल अशी चार माणसं तयार झाली की मग तू सुट्टीला इकडं ये.

येशील तेव्हा माझी घरभेटींची जुनी वही घेऊन जा. निळ्या पुठ्ठ्याची आहे, शिवण सुटली होती ती मी परवा दाभणानं पुन्हा घातली. बरीचशी घरं आता शहरात गेली, काही पानांवर क्रूस आहे. पहिल्या पानावरच्या आजी मात्र आहेत. पहिली भेट त्यांच्याकडेच दे. दार वाजवल्यावर त्यांना उठून यायला वेळ लागतो, दुसऱ्यांदा वाजवू नको. उंबऱ्याबाहेर उभी राहा, त्या येतात.

तुझी,
आत्या