हेरल्डचे दार, स्पिटफायरचे बॉनेट: फटी जुळवायला किती खर्च येतो?

जुन्या गाडीचे दार लावताना खाली घासते. बॉनेट एका कोपऱ्यात उचललेले दिसते. डिकीची फट डावीकडे तीन मिलिमीटर, तर उजवीकडे आठ. गॅरेजमध्ये दाखवले की बहुधा एकच उत्तर मिळते, ‘डेंटिंग-पेंटिंगमध्ये होऊन जाईल.’ या उत्तरावर आगाऊ रक्कम देऊ नका. फटी जुळवणे हे रंगाच्या आधीचे स्वतंत्र काम आहे आणि त्याचा भाव वेगळा ठरवून घ्यायला हवा.

उदाहरणासाठी ट्रायम्फ स्पिटफायर घेऊ. १९६२ ते १९८० या काळात ब्रिटनमध्ये तयार झालेली ही दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. तिची चॅसी ट्रायम्फ हेरल्डवरून घेतलेली, आणि हेरल्ड तर आपल्याही ओळखीची. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने ती १९६०च्या दशकात ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने बांधली. त्यामुळे खाली दिलेले बरेचसे दोन्ही गाड्यांना लागू पडते.

हेरल्डच्या फटी इतक्या का बिघडतात, याचे उत्तर तिच्या जन्मातच आहे. ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी मोटार कंपनी बीएमसीने विकत घेतली. एकसंध बॉडी बनवून देणारे कोणी हाताशी उरले नाही. म्हणून १९५९ मध्ये आलेल्या हेरल्डला वेगळी चॅसी दिली आणि बॉडीचे भाग तुकड्यातुकड्यांनी बोल्टने तिच्यावर बसवले. दुरुस्तीला ही रचना फार सोयीची, पण प्रत्येक जोड थोडाथोडा सरकू शकतो. बॉडी आणि चॅसी यांच्यामधले रबरी पॅड पन्नास-साठ वर्षांत दबतात किंवा भुगा होतात. बॉडी एका बाजूला बसते आणि दोष मात्र दाराला लागतो. अशा वेळी दाराची बिजागरी ठोकून वाकवणारा मिस्त्री तुमचे पैसे वाया घालवतो आहे.

कामाचा क्रम मालकाला ठाऊक असला पाहिजे, कारण खर्च त्यावरच ठरतो. गाडी सपाट फरशीवर, स्वतःच्या चाकांवर उभी हवी आणि चारही टायरांत योग्य हवा हवी. जॅकवर लटकलेल्या उघड्या गाडीची बॉडी लवते, तिथे जुळवलेली फट जमिनीवर उतरताच बदलते. आधी चॅसीचे कर्ण मोजायचे. त्यात फरक निघाला तर बाकी सगळे थांबवून चॅसी सरळ करायची. मग रबरी पॅड बदलायचे आणि लागतील तिथे पातळ पत्र्याच्या शिम घालायच्या. त्यानंतर मागच्या मडगार्डला धरून दार, आणि दाराला धरून बॉनेट. उलट दिशेने, म्हणजे बॉनेटपासून सुरुवात केली, की चूक मागे ढकलली जाते आणि शेवटी दाराच्या मागच्या कडेला साठते.

दार जुळवताना कुलपाचा खांबावरचा खटका आधी काढून ठेवायला सांगा. तो जागेवर असला की दाराला ओढून धरतो आणि खरा दोष दिसत नाही. दार अर्धे उघडून टोकाला धरून वर उचला. ते हलले तर बिजागरीची पिन झिजली आहे. आधी ती बदला, मग जुळवा. दोन्ही गाड्यांचे बॉनेट मडगार्डांसकट एकत्र पुढे उलटते. मोठे असल्यामुळे पुढच्या बिजागरीपाशी दोन मिलिमीटर हलवले तरी मागच्या कडेला फरक ठळक दिसतो. हे काम दोन माणसांचे आहे आणि घाईत होत नाही. पूर्वी समोरून धडकलेल्या गाडीचे बॉनेट पिळलेले असू शकते. तो खर्च वेगळा, आणि बॉनेट काढून पाहिल्याशिवाय कोणी आकडा सांगत असेल तर तो धरून चालू नका.

स्पिटफायरमध्ये एक मोठा फरक आहे. दारांखालची पोकळ पेटी, म्हणजे सिल, तिथे शोभेची नसून गाडीचा भार पेलते. सिल सडली की बॉडी मधोमध खचते आणि दाराच्या वरच्या बाजूची फट मिटत जाते. सिल बदलताना दाराच्या चौकटीत आडवे आधार वेल्ड करून ठेवावे लागतात. दार बसवलेले ठेवून आधी फक्त टाके मारायचे, दार लावून-उघडून पाहायचे, मगच पक्के वेल्डिंग. दारे काढून, आधार न लावता सिल कापणाऱ्या गॅरेजमधून गाडी सरळ परत नेलेली बरी. एकदा वाकड्यात वेल्ड झालेली बॉडी पुन्हा कापण्याचा खर्च मूळ कामापेक्षा जास्त येतो.

आता हिशेब. हा तासांत मांडला आहे, कारण दर शहरागणिक आणि मिस्त्रीगणिक बदलतात. चॅसी सरळ असलेल्या हेरल्डला पॅड आणि शिमसाठी १२ ते १६ तास धरा, दोन दारांना मिळून ८ ते १२, बॉनेटला ८ ते १२, डिकीला २ ते ३. एकूण ३० ते ४३ तास. स्पिटफायरच्या दोन्ही सिल बदलायच्या असतील तर आणखी ३० ते ५० तास. समजा, डेंटर आणि मदतनीस मिळून तासाला ६०० रुपये ठरले. हेरल्डची मजुरी १८,००० ते २५,८०० रुपये होते. पक्के बिल घेतलेत तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण २१,००० ते ३०,५०० रुपये. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी सिलसकट स्पिटफायरसाठी तासाला ६० पौंड धरले, तर ६० ते ९३ तासांचे ३,६०० ते ५,५८० पौंड होतात. शिवाय २० टक्के व्हॅट. सुटे भाग, पत्रा आणि रंग यांत धरलेले नाहीत. नवे बनवलेले बदली पॅनेल जसेच्या तसे बसेल असे समजू नका. ते कापून-घासून बसवण्यात मूळ पत्रा दुरुस्त करण्याहून जास्त तास जाऊ शकतात.

काम उक्ते द्यावे की रोजावर? माझे मत स्पष्ट आहे. दार, डिकी, बॉनेट यांची जुळवणी उक्ती द्या. सडलेला पत्रा आणि सिल रोजावर द्या, पण दर आठवड्याला गाडी पाहून हिशेब घ्या. गंज किती खोल आहे हे कापल्यावरच कळते. त्याचा उक्ता आकडा देणारा मिस्त्री एक तर फुगवून सांगतो, नाही तर पुट्टीने झाकतो. पुट्टी ओळखायला पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पुरते. पुट्टीचा थर जाड असेल तिथे ते चिकटत नाही. फट मोजायला ४ आणि ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटचे मागचे गुळगुळीत दांडे वापरा. वरपासून खालपर्यंत ४ चा दांडा सरकतो आणि ५ चा अडतो, एवढे झाले की काम उत्तम. त्या काळी कारखान्यातूनही फटी इतक्या एकसारख्या निघत नसत.

कागदपत्रांचेही एक काम आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,०००. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. म्हणून कामाच्या आधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो तारखेसह जपून ठेवा आणि बिलावर ‘मूळ पॅनेलची दुरुस्ती’ असे लिहून घ्या.

शेवटचा हप्ता, निदान एकूण रकमेच्या चौथ्या भागाइतका, राखून ठेवा. रंग देण्याआधी, प्राइमरवरच गाडी शंभर-एक किलोमीटर खड्ड्यांच्या रस्त्यावरून चालवा. नवे पॅड बसतात, बोल्ट सैल होतात. मग परत येऊन तेच दोन दांडे प्रत्येक फटीतून फिरवा, मिस्त्रीकडून बोल्ट पुन्हा आवळून घ्या आणि त्यानंतरच रंगाचा डबा उघडू द्या.