संगणकाची सुधारणा करण्यापूर्वीं

आपल्या सोलापूर जिल्ह्यांतील कुर्डुवाडी स्टेशनाचें नांव कोणास ठाऊक नाहीं? इ. स. १८९७ मध्यें तेथून बार्शीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधील अंतर २ फूट ६ इंच होतें. त्याच स्टेशनावरून जाणाऱ्या मुंबई-मद्रास मार्गाचें अंतर मात्र ५ फूट ६ इंच होतें. दोन्ही गाड्या आपापल्या परीनें उत्तम. परंतु एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालणें अशक्य. म्हणून उतारूंना तेथें गाडी बदलावी लागे व माल एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. पुढें या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत तो मार्ग रुंद करण्यांत आला. असा मार्ग रुंद करतांना नुसते रूळ सरकवून भागत नाहीं. इंजिनें व डबे हेही नव्या मापाचेच लागतात.

संगणकाची गोष्ट अशीच आहे. ज्या भागांस हात लावतां येतो तें हार्डवेअर, आणि त्या भागांकडून काम करून घेणाऱ्या आज्ञांचा समूह तें सॉफ्टवेअर. या दोहोंमध्यें दुभाष्याचें काम करणाऱ्या लहानशा प्रोग्रामास ड्रायव्हर म्हणतात. तिघांचा मेळ बसला तरच यंत्र चालतें.

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वसाधारण पाठिंबा संपला, व अनेकांस विंडोज ११ कडे वळणें भाग पडलें. आमच्या परिचयाच्या एका लहान कार्यालयांत असा बदल एका सायंकाळींच उरकण्यांत आला. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों जुना प्रिंटर मुका झालेला, आणि अनेक वर्षांचा मराठी पत्रव्यवहार निरर्थक रोमन अक्षरांत दिसूं लागलेला! प्रिंटरचा नवा ड्रायव्हर कोठेंच मिळेना. आणि पत्रें ज्या जुन्या फॉन्टांत लिहिलेलीं होतीं तो फॉन्ट नव्या सिस्टिमवर चढविलेलाच नव्हता. फॉन्ट शोधून पत्रें वाचतां आलीं. पण प्रिंटर नवाच घ्यावा लागला. चूक यंत्राची नव्हती, घाईची होती.

तेव्हां पुढील क्रम ध्यानांत ठेवावा.

प्रथम आपल्याजवळ काय आहे त्याची यादी करावी : प्रोसेसर, मेमरी, डिस्क, प्रिंटर, स्कॅनर व नित्य लागणारे प्रोग्राम.

दुसरें, नव्या सिस्टिमच्या अटी त्या यादीशीं ताडून पाहाव्या. विंडोज ११ ला मान्य यादींतील ६४-बिट प्रोसेसर, निदान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी डिस्क आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. मेमरी व डिस्क वाढवितां येतात; परंतु प्रोसेसर फार जुना असेल तर बहुधा यंत्रच बदलावें लागतें.

तिसरें, नवा भाग विकत घेण्यापूर्वीं तो मदरबोर्डास बसतो कीं नाहीं तें पाहावें. डीडीआर३ व डीडीआर४ या मेमरीच्या पट्ट्या दिसावयास सारख्या. पण त्यांच्या खांचा निराळ्या जागीं असतात. बळानें दाबल्यास पट्टी व बोर्ड दोन्हींचा नाश व्हावयाचा.

चौथें, प्रत्येक उपकरणाचा नवा ड्रायव्हर मिळतो कीं नाहीं याची चौकशी करावी. ३२-बिट सिस्टिमसाठीं केलेला ड्रायव्हर ६४-बिट सिस्टिमवर चालत नाहीं. जुन्या फॉन्टांतील मराठी मजकूर आधींच युनिकोडमध्यें उतरवून घ्यावा.

शेवटीं, सर्व माहितीची एक प्रत निराळ्या डिस्कवर ठेवावी व बदल प्रथम एकाच यंत्रावर करून पाहावा. आठ-पंधरा दिवस तें यंत्र नीट चालल्यावरच इतरांस हात लावावा.

हें सर्व करण्यास फार तर दोन दिवस लागतील. परंतु गेलेला पत्रव्यवहार वा विद्यार्थ्यांचे गुण दोन वर्षांतही परत मिळतीलच असें नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण चादरींच्या या शहरांत तरी कोणी विसरूं नये.