रफार उडाला तेव्हा

आमच्या दुकानात छापलेली एक लग्नपत्रिका मी अजून जपून ठेवली आहे. कागद चांगला, छपाई चांगली, वरचा गणपतीही झोकात बसलाय. फक्त त्या पत्रिकेत रफार नाही. ‘शुभाशीवाद’ आहे, ‘मंगल कायालय’ आहे. अशा चारशे पत्रिका छापून, बांधून तयार झाल्यावर नवऱ्या मुलाच्या आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मला विचारलं, “हा ‘मुहूत’ म्हणजे काय हो?”

त्या चारशे पत्रिका मी पदरच्या पैशांनी पुन्हा छापून दिल्या. चूक माझीच होती, आणि ती पत्रिकेच्या आधी दोन दिवस, कॉम्प्युटरवर अपडेट मारताना झाली होती.

मिरजेत माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, दिवाळीत एखादा छोटासा अंक. जानेवारी २०१३ मध्ये दुकानातल्या दोन्ही मशिनींवर विंडोज ७ होतं आणि ते सुतासारखं सरळ चालत होतं. विंडोज ८ बाजारात येऊन तीन महिने झाले होते. २६ ऑक्टोबर २०१२ ला ते आलं. ३१ जानेवारीपर्यंत घेतलं तर १,९९९ रुपयांत मिळणार, नंतर महाग होणार, एवढंच मला कळलं होतं. सवलतीची तारीख जवळ आली की माणसाला ती वस्तू आपल्याला हवी होती का, हा प्रश्न पडत नाही. चालत्या गाड्याला खीळ घालायची ती मीच घातली.

शनिवार, २६ जानेवारी. झेंडावंदन करून आलो, दुकान बंद, रविवारही हाताशी. सोमवारी सकाळी तीन पत्रिकांची बटरं, म्हणजे छपाईसाठी बटर पेपरवर काढलेली पानं, प्रेसला द्यायची होती, पण दीड दिवस म्हणजे रग्गड वेळ, असं वाटलं. बॅकअप घेतला, नाही असं नाही. कामाच्या सगळ्या फाइली त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर टाकल्या. घराला आग लागेल या भीतीनं दागिने माजघरातून काढून देवघरात ठेवावेत, तसला तो बॅकअप.

दोन्ही मशिनींवर अपडेट बिनबोभाट पार पडला, हे आधी सांगून टाकतो. संध्याकाळी स्क्रीनभर रंगीत चौकोन आले. चहा घेऊन आलेल्या आमच्या हिनं विचारलं, “फरशी बदलली का?” मलाही मजा वाटली. मग मशीन बंद करायला गेलो आणि बंद कसं करायचं तेच सापडेना. उजव्या कोपऱ्यात माउस नेऊन थांबायचं, कडेनं एक पट्टी सरकत येते, तिच्यात सेटिंग्ज, सेटिंग्जमध्ये पॉवर, पॉवरमध्ये शट डाऊन. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री मी बटण दाबून धरलं आणि दिवा विझवला.

रविवारी खरी गंमत कळली. मराठी लिपीच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे मागे खोचायची ती परवान्याची चिमुकली चावी, मशीन ओळखेना. तिचा नवा ड्रायव्हर हवा होता आणि तो देणारे सोमवारीच फोन उचलणार होते. प्रिंटरचंही तेच. मागे फिरावं म्हटलं, तर विंडोज ८ मध्ये एकदा अपग्रेड पूर्ण झालं की ७ वर परत जायची सोय नव्हती. नव्यानं सगळं भरायचं, तर त्याची सीडी मशीन विकणाऱ्याकडे आणि त्याचं दुकान बंद. शेवटी फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन एका मित्राच्या प्रेसवर गेलो. त्याच्याकडे त्याच सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती होती.

आता रफाराचं गणित सांगतो, कारण आजही कितीतरी दुकानांत ते तसंच आहे. जुन्या फाँटांमध्ये ‘क’ हा मशीनच्या दृष्टीनं ‘क’ नसतोच. प्रत्येक आकाराला एक खण दिलेला असतो. अमक्या खणात काना, तमक्या खणात रफार. दुसऱ्या फाँटात किंवा दुसऱ्या आवृत्तीत त्या खणात वेगळंच काही असलं तर वेगळंच उमटतं, आणि खण रिकामा असला तर काहीच उमटत नाही. मित्राकडे रफाराचा खण रिकामा निघाला. बाकी सगळं इतकं बिनचूक होतं की रात्री साडेअकराला, दोन दिवसांच्या वैतागानंतर, प्रूफ मी वाचलं नाही, नुसतं पाहिलं. विरोधाभास बघा: त्याच विंडोज ८ बरोबर भारतीय लिप्यांसाठी निर्मला यूआय नावाचा नवा फाँट आला होता. युनिकोडचा, म्हणजे जिथे रफार कुठेही नेला तरी रफारच राहतो. माझ्या मशीनवर तो होता. माझं काम त्यात नव्हतं, इतकंच.

सोमवारी ताई आल्या. आमच्याकडे टायपिंगला असलेल्या या ताईंचा हात म्हणजे काय सांगू; मान वर न करता पान लावतात. डोंगल दुपारी चालू झालं, ताई बसल्या, आणि दहा मिनिटांत ओरडल्या, “पान गेलं!” पान गेलं नव्हतं. खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे वर्षानुवर्षं स्टार्ट बटण होतं, तिथे हात आपसूक गेला होता. बटण नाहीसं झालं होतं, पण कोपरा जिवंत होता. तिथे टिचकी बसली की समोरचं सगळं झाकून फरशा हजर. थोड्या वेळानं खिडकी बंद करायला वरच्या उजव्या कोपऱ्यात गेल्या, तर ती सरकती पट्टी आली. मी त्यांच्या मागे उभा राहून बघत होतो. हात कोपऱ्याकडे निघायचा, अर्ध्यात थबकायचा, परत यायचा. इतक्या वर्षांत मी त्यांचा हात थबकलेला पाहिला नव्हता.

माझा भाचा पुण्याहून बोटानं चालणारा लॅपटॉप घेऊन आला, तेव्हा हेच विंडोज मला एकदम वेगळं दिसलं. बोटाला कडा, मोठे चौकोन किती सोयीचे! स्क्रीनच्या कडेवरून अंगठा आत ओढला की पट्टी आली. त्यात शोधाशोध नव्हती. बोटासाठी केलेली मांडणी माउसच्या हातावर लादली गेली, एवढंच ते दुखणं. आणि दोन्ही हात कीबोर्डवर असलेल्या माणसानं दर मिनिटाला हात उचलून उभ्या काचेला टेकवायचा म्हटलं, तर तासाभरात खांदा बोलायला लागतो.

तेव्हा जगभर लोक चिडले होते. तो राग कितपत खरा, असं आता मागे वळून विचारलं तर मी म्हणेन, अर्धा. ते मशीन ७ पेक्षा चटकन सुरू व्हायचं, हे रागाच्या भरात कोणी कबूल करत नव्हतं. मीही केलं नाही. विंडोजची कळ आणि डी दाबलं की फरशा जाऊन नेहमीचा डेस्कटॉप येतो, विंडोज आणि एक्स दाबलं की कामाची सगळी यादी निघते, या दोन गोष्टी कागदावर लिहून ताईंच्या मॉनिटरला चिकटवल्या, त्यानंतर निम्मी कुरकुर थांबली. उरलेली निम्मी मात्र रास्त होती. बंद करायचं बटण चार पायऱ्यांखाली का, याला सवयीचं उत्तर पुरत नाही.

बनवणाऱ्यांकडेही आकडे होते. स्टीव्हन सिनोफ्स्की तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोजचे प्रमुख. विंडोज ८ आल्यावर महिन्याभरातच ते कंपनीतून बाहेर पडले. त्यांच्या विभागानं आधी मांडलं होतं की व्हिस्टाच्या तुलनेत विंडोज ७ मध्ये स्टार्ट मेनूचा वापर ११ टक्क्यांनी घटलाय. खोटं नसणार. पण ही माहिती, वापराची नोंद पाठवायला राजी झालेल्या मशिनींवरून गोळा होते. आमच्यासारख्या दुकानांत तो परवानगीचा चौकोन कोण टिचकावतो? ‘माहिती पाठवू का’ विचारलं की आम्ही आधी ‘नाही’ म्हणतो, मग प्रश्न वाचतो. तेव्हा तक्रार करायचीच असेल तर ती अशी करा की तिचा कोणाला उपयोग होईल. ‘सगळं बिघडवलं’ याचं पुढे काही होत नाही. कुठलं काम करत होतात, कुठे टिचकी मारली, काय यायला हवं होतं, काय आलं, आणि पडद्यावरच्या चुकीच्या संदेशाचा मोबाइलवर फोटो. डोंगलवाल्यांनी मला याच पाच गोष्टी विचारल्या आणि वीस मिनिटांत मोकळं केलं. आदल्या दिवशी मी त्यांच्या बंद फोनवर जे बोललो होतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लोकांचं ऐकलं गेलं, पण हप्त्याहप्त्यानं. १७ ऑक्टोबर २०१३ ला ८.१ आलं, फुकट. स्टार्ट बटण परत आलं म्हणून आम्ही खूश. दाबलं तर पुन्हा त्याच फरशा. तरी त्यावर उजवी टिचकी मारली की शट डाऊन मिळायचं, आणि मशीन थेट डेस्कटॉपवर उघडायची सोय झाली. ८ एप्रिल २०१४ च्या अपडेटमध्ये पॉवरचं बटण फरशांच्या पानावरच उघड्यावर आलं. मेनू खरोखर परतला तो विंडोज १० मध्ये, २९ जुलै २०१५ ला. म्हणजे ताईंचा हात अडीच वर्षं थबकत राहिला असता, जर मी एक फुकटचा छोटा प्रोग्राम घालून जुना मेनू तिथे बसवला नसता.

आता दुसरी चूक. ही पहिलीपेक्षा मोठी होती, नशिबानं महागात पडली नाही. रफाराच्या प्रकरणानंतर मी अपडेट या शब्दाचाच धसका घेतला. पुढच्या काउंटरवरच्या मशीनवर सगळे अपडेट बंद करून टाकले. ८.१ सुद्धा तिथे घेतलं नाही, कारण ते तेव्हा स्टोअरच्या चौकोनातून घ्यावं लागायचं आणि त्या चौकोनाकडे मी पाठ फिरवली होती. फरशांचा ताप कमी करणारं औषध एका फरशीमागेच ठेवलेलं होतं. नुसत्या विंडोज ८ ची सुरक्षेची मदत १२ जानेवारी २०१६ ला थांबली. मला पत्ता नाही. त्याच मशीनवर दिवसभर गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह लागायचे. मग १२ मे २०१७ ला वॉनाक्राय पसरला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा. ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच निघाला होता. घेतला होता ते वाचले. मी बातमी बघितली आणि जेवणावरून उठून दुकानात जाऊन नेटची वायर उपटली. आत वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली होत्या.

म्हणून आता मी दोन प्रकारच्या अपडेटना दोन न्याय लावतो. दर महिन्याचे सुरक्षेचे येतात ते लगेच, फार तर दोन-चार दिवस थांबून. घराची मांडणी बदलणारा मोठा अपडेट मात्र थांबवायचा, आणि लग्नसराईत तर मुळीच नाही. शेजारच्या दोन दुकानांत तो महिनाभर नांदू दे. तोवर प्रिंटर, डोंगल, स्कॅनर, मराठी टायपिंग, हिशेबाचं सॉफ्टवेअर या एकेकाला फोन करून विचारायचं, ‘नव्यावर चालतं का?’ मला यादी करायला अर्धा तास लागला होता. त्या यादीत सगळ्यात खाली, आठवेल न आठवेलसं, डोंगल होतं.

बॅकअप दुसऱ्या डिस्कवर. त्याहून बरं म्हणजे मशीनमधली जुनी डिस्क काढून पाकिटात घालायची, वर तारीख लिहायची आणि नवं सगळं नव्या डिस्कवर करायचं. बिनसलं तर स्क्रू ड्रायव्हर आणि दहा मिनिटं. परतीची वाट आधीच वाचून ठेवा. विंडोज १० आलं तेव्हा परत फिरायला ३० दिवस दिले होते, पुढे ते १० झाले, आणि अशा मुदती कोणी फोन करून सांगत नाही. नव्या मशिनींत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. तिची लांबलचक रिकव्हरी की कागदावर उतरवलेली नसेल तर ते पाकीट नुसतं पाकीट. आणखी एक बारकी गोष्ट: विंडोज ८ पासून ‘शट डाऊन’ म्हणजे पुरतं बंद नव्हे, मशीन अर्धी झोप घेऊन पटकन उठतं. अपडेटनंतर काही विचित्र वागलं तर ‘रीस्टार्ट’च करा. निम्म्या वेळा माझा मेकॅनिक याच्याच पैशांवर जगतो.

आणि मशीन बदलताना, त्यावर बसणाऱ्या माणसाला आधी विचारा. मी ताईंना विचारलं नव्हतं. शनिवारी त्यांना सुट्टी होती.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हटल्यावर गेल्या वर्षी दोन नवी मशीन घेतली, विंडोज ११ ची. जुनं एक नेट काढून कोपऱ्यात ठेवलंय, जुन्या फाइलींसाठी. या वेळी पावसाळ्यात, काम नसताना, ताईंनाच पहिल्या दिवशी बसवलं आणि मी गप्प बाजूला स्टूल घेऊन बसलो. त्यांचा हात डाव्या कोपऱ्याकडे गेला आणि थबकला. बटण आता पट्टीच्या मधोमध होतं.

“परत गेलं का हो?” त्या म्हणाल्या.

टास्कबारच्या सेटिंगमध्ये जाऊन मी ते डावीकडे सरकवलं. ताईंनी न बघता टिचकी मारली, युनिकोडमध्ये ‘कार्यालय’ टाइप करून रफार डोळ्यांजवळ नेऊन बघितला, आणि मला म्हणाल्या, “आता उठा, मला काम आहे.”