कलम ३७७ आणि समानतेचा लढा

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• कलम ३७७ विरुद्धच्या लढ्याचे टप्पे सांगता येतील;
• कायद्यातील बदल आणि प्रत्यक्ष सुरक्षितता यांतील फरक स्पष्ट करता येईल.

प्रस्तावना
अन्याय झाला तर नागरिक पोलिसांकडे दाद मागतो. परंतु तक्रार करणाराच गुन्हेगार ठरणार असेल, तर त्याने कोठे जावे? भारतातील समलिंगी व्यक्तींपुढे दीड शतकाहून अधिक काळ हा प्रश्न होता.

मूळ पाठ
इंग्रजी राजवटीत १८६० साली भारतीय दंडसंहिता तयार झाली. तिच्या ३७७ व्या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंध हा गुन्हा ठरवला व त्यासाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. संबंध संमतीने आला की बळजबरीने, हा भेद त्यात नव्हता. शिक्षेपेक्षा तिचा धाक मोठा होता. गुपित फोडण्याची धमकी देऊन पैसे उकळणारा निर्धास्त राही. लुबाडला गेलेला मात्र तोंड उघडू शकत नसे. एड्सविषयी माहिती देणाऱ्या कार्यकर्त्यांनाही अडथळा येई, कारण ज्यांच्यापर्यंत पोहोचायचे तेच भीतीने लपून राहत.

ही भीती मोडण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी झाले. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’ उभा केला.

२००१ साली नाझ फाउंडेशनने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २ जुलै २००९ रोजी निकाल लागला : प्रौढांमधील संमतीचे खाजगी संबंध गुन्हा नाहीत. परंतु ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. असे नागरिक लोकसंख्येचा अत्यल्प भाग आहेत, असेही त्या निकालात म्हटले होते. संख्या थोडी म्हणून हक्कही थोडे, असे असू शकते काय? लढ्याचा गाभा हाच होता.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही त्या खटल्यात बाजू मांडली होती. २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून वगळले. बहुसंख्यांच्या नीतिकल्पनांपेक्षा संविधानाची नैतिकता श्रेष्ठ, हा त्या निकालाचा आधार होता.

तरीही वाट संपली नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. तो विषय संसदेचा ठरवला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात कलम ३७७ उरलेच नाही. मात्र पुरुषांवरील बळजबरीसाठी जो आधार त्या कलमात शिल्लक होता, तोही त्याबरोबर गेला. बलात्काराची व्याख्या तर स्त्रीपुरतीच राहिली. एक भय दूर करताना एक संरक्षणही सुटले.

न्यायालय गुन्ह्याचा शिक्का पुसू शकते. पण मुलाला घराबाहेर काढणारे पालक, मुलीचे बळजबरीने लग्न लावणारे नातलग आणि खोली नाकारणारा घरमालक यांची मने निकालाने बदलत नाहीत. ते काम समाजाचे आहे.

शब्दार्थ
दाद मागणे – न्याय मागणे
निर्धास्त – निर्भय, बेफिकीर
घटनापीठ – संविधानविषयक प्रश्नांचा निर्णय करणारे न्यायमूर्तींचे मंडळ

स्वाध्याय
१. कलम ३७७ मुळे फसवणूक करणाऱ्यांना कसे अभय मिळे?
२. २०१३ व २०१८ च्या निकालांमागील विचारांतील फरक लिहा.
३. ‘एक भय दूर करताना एक संरक्षणही सुटले’ हे विधान स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरात अशा व्यक्तीला सुरक्षित वाटावे म्हणून काय करता येईल? दहा ओळी लिहा.